माती अडवण्याची मजुरी



वसंत व्याख्यानमाला ही आपल्या महाराष्ट्राची जुनी हौस आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ती चालू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी माणसे सतरंजीवर बसून विद्वानांची भाषणे ऐकत आली आहेत. आज तुमच्यापुढे उभा आहे तो विद्वान नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते हमालांच्या अड्ड्यावर, नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्यांच्या संगतीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तीस वर्षे मी संघटनेचे काम करतो आहे. त्यामुळे चालकांनी विषय विचारला तेव्हा त्यांना वाटले असेल की हा माणूस मजुरीचे दर, बोनस, नाहीतर नव्या कामगार संहिता यांवर बोलेल. मी 'माती' असे म्हटल्यावर त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पण मंडळी, मी बोलणार आहे ते मजुरीविषयीच. ही मजुरी अशी आहे की ती कोणत्याच अंदाजपत्रकात लिहिलेली नसते. इमारतीचे, रस्त्याचे, प्लॉटिंगचे काम निघाले की खोदाईचा दर असतो, भरावाचा असतो, मुरूम पसरून दाबण्याचा असतो, सिमेंट-लोखंडाचा तर असतोच असतो. उकरलेली माती पावसाने वाहून ओढ्यात जाऊ नये म्हणून जे काम करावे लागते त्याचा दर मात्र नसतो. दर नाही म्हणून ते काम कोणी सांगत नाही, सांगत नाही म्हणून कोणी करीत नाही. त्याची किंमत मग ओढा भरतो, धरण भरते आणि वेळ आली तर मजूर भरतो.

ही गोष्ट दुसऱ्या एखाद्या मुलखात घडली असती तर मी म्हटले असते, बाबांनो, यांना माहीत नाही, शिकवले पाहिजे. पण आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आता अहिल्यानगर जिल्ह्यात, असे म्हणण्याची सोय नाही. माती अडवण्याच्या बाबतीत आपला जिल्हा गुरूच्या जागी बसवावा असा आहे. पाऊस कमी, आणि येतो तो एकदम येतो, माळ उघडे. तेव्हा बांध घातल्याशिवाय इथे शेतकरी जगलाच नसता. ताली घालणे हे आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी शिकवायला आले नव्हते. पुढे १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि गावच्या गाव घेऊन बांधबंदिस्ती करण्याची रीत सरकारी पातळीवर पडली. मग १९७२ चा दुष्काळ आला. त्या वर्षी माझी आई मला झोळीत टाकून दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. हे मी तिच्या तोंडून ऐकले आहे, आणि इथे बसलेल्यांपैकी कितीतरी घरांत हीच गोष्ट सांगितली जात असेल. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांचे नाव त्यासाठी घेतले पाहिजे. १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि कायद्याने काम मागण्याचा हक्क मजुराला मिळाला. संघटनेच्या माणसाला याहून मोठी गोष्ट कोणती?

त्या योजनेवर काम कशाचे निघत असे? बहुतेक मातीचेच. नालाबंडिंग, पाझर तलाव, समपातळीचे बांध, चर. मिसरूड फुटायच्या वयात मी स्वतः या कामावर होतो. ओव्हरसियर डंपी लेव्हल लावून चुन्याची रेघ मारायचा आणि आम्ही त्या रेघेवर कुदळ मारायचो. रेघ सरळ का जात नाही, सापासारखी वाकडी का जाते, हे मला तिथे कळले. पाण्याला उतार मिळाला की ते धावते. धावले की माती नेते. उताराला आडवे पडून त्याला थांबवायचे असते, म्हणून रेघ डोंगराच्या अंगाप्रमाणे वळते. पुढे राळेगणसिद्धीचे काम आपण पाहिले, हिवरे बाजारचे पाहिले. दोन्ही गावे आपल्याच जिल्ह्यातली. देशभरातून माणसे बसगाड्या करून ती पाहायला येतात. तिथे मुख्यतः काय केले आहे? उतारावर चर खणले, नाल्यावर बांध घातले, गवत राखले, माती आणि पाणी जागच्या जागी धरले.

म्हणजे शेतातली माती कशी धरावी हे आपल्या हातांना ठाऊक आहे. त्याच हातांना आपण रस्त्याच्या कडेला प्लॉटवर उभे केले की ते सगळे विसरतात, किंवा त्यांना विसरायला लावले जाते. हे असे का होते, त्याचा मी बराच विचार केला आहे.

शेताचा मालक शेतातच राहतो. माती गेली तर त्याची गेली, पुढच्या वर्षीचे पीक त्याचे बुडाले. प्लॉट पाडणाऱ्याचे तसे नसते. जमीन बिगरशेती झाली, सपाट केली, खांब रोवले, विकली, की तो मोकळा झाला. त्याच्या लेखी माती ही एक अडचणच असते. वरचा काळ्या मातीचा थर गेला तर त्याला बरेच वाटते, खालचा मुरूम उघडा पडतो. खोदाईचा ठेकेदारही ब्रासवर पैसे घेतो. किती ब्रास काढले ते मोजमाप पुस्तिकेत लिहिले जाते. काढलेल्यातले किती ब्रास पावसाने पळवले ते लिहायला त्या पुस्तिकेत रकानाच नाही. सरकारचेही एक गमतीचे आहे. मुरूम डंपरमध्ये भरून नेला तर तो गौण खनिज होतो आणि त्यावर स्वामित्वधन लागते, पावती नसली तर तहसीलदार गाडी धरतो. तोच मुरूम पाण्यात भरून ओढ्याने नेला तर ना पावती, ना दंड.

आणि वेळ कोणती धरतात पाहा. आपल्याकडे भूमिपूजन अक्षय्यतृतीयेला करण्याची चाल आहे. साडेतीन मुहूर्तांतला तो एक, मी त्याला नावे ठेवत नाही. पण अक्षय्यतृतीयेला जेसीबी लावून अख्खा प्लॉट उकरून ठेवला की महिना-दीड महिन्यात मृग लागतो. जमीन सर्वांत सैल, सर्वांत उघडी, गवताची काडी नाही, आणि वळवाच्या-मृगाच्या सरी वर्षातल्या सर्वांत जोराच्या. मातीच्या दृष्टीने याहून वाईट मुहूर्त पंचांगात काढून मिळणार नाही.

पावसाचा थेंब ही चीज आपण हलकी समजतो. उघड्या मातीवर तो पडला की बारीक स्फोटासारखा आपटतो, मातीची ढेकळे फोडतो, कण उडवतो. गवत असले तर पात्याने मार खाल्ला, माती वाचली. कण सुटे झाले की बारीक कणांनी मातीची छिद्रे बुजतात, पाणी मुरायचे थांबते आणि पृष्ठावरून पळू लागते. पळताना आधी पातळ चादरीसारखे पळते, मग त्याच्या बोटाएवढ्या घळी पडतात, मग त्या घळींच्या नाल्या होतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकेल त्या दगडाचे वजन दुप्पट होत नाही, चौसष्ट पट होते, असा एक जुना नियम नद्यांच्या अभ्यासकांनी सांगून ठेवला आहे. चौसष्टचा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. आता ओढ्याच्या पुरानंतर डोक्याएवढे धोंडे पुलाशी येऊन पडलेले दिसतात त्याचे नवल वाटत नाही.

थोडा हिशेब करू. माझ्या संघटनेतल्या मुकादमांना असला हिशेब आवडतो. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरची फक्त एक इंच माती गेली तर ती होते ३,६३० घनफूट. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. म्हणजे सव्वाछत्तीस ब्रासच्या वर. एक ब्रासची ट्रॉली धरली तर छत्तीस ट्रॉल्या. गुंठ्याचा भाव बोलणाऱ्यांसाठी सांगतो, गुंठ्यामागे जवळजवळ एक ट्रॉली. एक इंच म्हणजे अंगठ्याचे एक पेर. उकरलेल्या, उताराच्या प्लॉटवरून इतकी माती जाणे ही काही फार मोठी गोष्ट नव्हे. पहिल्या दोन-चार पावसानंतर खांबांची पायथ्याची माती किती खाली बसली आहे ते जाऊन बघा.

हा विचार माझ्या एकट्याच्या डोक्यातला नाही. अमेरिकेत बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वोलमन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९६७ साली एक निबंध लिहिला. त्यांच्या शहराभोवती शेते मोडून घरे उठत होती, तेव्हा त्यांनी नद्यांतला गाळ तपासला. रान होते तेव्हा गाळ अगदी थोडा. शेती आली तेव्हा चौरस मैलाला वर्षाला काहीशे टन. आणि बांधकाम चालू असलेल्या उघड्या जमिनीवरून काही हजार टनांपासून एक लाख टनांच्याही वर. घरे बांधून झाली, रस्ते डांबरी झाले, अंगणात हिरवळ आली की गाळ पुन्हा कमी. म्हणजे शेतकऱ्याने शंभर वर्षांत जेवढी माती दवडली नसती तेवढी गवंड्याच्या दोन-तीन वर्षांत जाऊ शकते. त्यातली आशेची बाजूही ध्यानात घ्या. धोका थोड्या दिवसांचा आहे. तेवढे दिवस सांभाळले की निभावते. ते ज्या राज्यात राहत होते त्या मेरीलँड राज्याने १९७० साली कायदाच केला, की माती अडवण्याचा आराखडा दाखवल्याशिवाय खोदाईला परवानगी नाही.

आता ही आपली माती जाते कुठे? इमामपूरचा घाट हा आपल्या बाजूचा पाणलोटाचा उंबरठा आहे. ढोबळमानाने घाटापलीकडचे पाणी सीनेला मिळून भीमेकडे जाते. घाट उतरून पांढरीच्या पुलाकडून इकडे आलो की पाणी गोदावरीचे. आपल्या घोडेगावच्या शिवारातल्या प्लॉटवरून सुटलेला कण आधी रस्त्याकडेच्या चारीत येतो, चारीतून मोरीत, मोरीतून ओढ्यात, ओढ्यातून खाली खाली जात नाथसागरात. जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. एकूण साठा १०२ टीएमसीच्या आसपास. त्यात नेवासे तालुक्यातली किती गावे, किती काळ्याभोर जमिनी गेल्या, ते धरणग्रस्तांच्या घरी जाऊन विचारावे. त्या पाण्यावर खालचा मराठवाडा जगतो, छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही शहरे पितात. वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचे म्हटले की आपण नगर-नाशिककर रस्त्यावर उतरतो, कोर्टात जातो. २००५ साली समन्यायी वाटपाचा कायदा झाला तरी दुष्काळी वर्षी हे भांडण उठतेच. मी त्या भांडणात आज पडत नाही. एवढेच म्हणतो की पाणी सोडताना आपण थेंब थेंब मोजतो आणि गाळ मात्र कोणी न मागता बारमाही पाठवतो. धरणात गाळ बसला की तेवढी पाण्याची जागा गेली. मग वाटायचे काय?

पण धरण लांब आहे. मधल्या वाटेवर काय होते ते जास्त जवळचे आहे. मोरीची नळी निम्मी गाळाने भरली की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी रस्त्यावर येते, दुकानात शिरते. ओढ्याचे पात्र उथळ झाले की काठ फुटतो. आणि तिसरी गोष्ट फार कोणी बोलत नाही. ओढ्याच्या वाळूतून, पाझर तलावाच्या तळातून पाणी खाली जिरते म्हणून आपल्या विहिरींना झरे आहेत. बांधकामावरची अगदी बारीक माती त्या तळावर लिंपल्यासारखी बसते. वर पाणी दिसते, खाली विहीर कोरडी. हे तुम्हांला घरच्या घरी पाहता येईल. पुराच्या दिवशी ओढ्याचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन खिडकीत ठेवा. वाळू क्षणात तळाला जाईल. मधला गाळ तासा-दोन तासांत बसेल. वरचे पाणी मात्र चहासारखे राहील, दुसऱ्या दिवशीही. तोच तो लिंपणारा कण. एकदा पाण्यात मिसळला की त्याला काढणे मुश्कील, म्हणून त्याला पाण्यात जाऊच देता कामा नये.

कोणी म्हणेल, गाळ वाईट कसा? तो तर शेतात टाकतात. खरे आहे. सरकारने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना काढली, शेतकऱ्यांनी आनंदाने गाळ नेला. पण तो शेताचा गाळ होता. शेतातून गेला, शेतात परत आला. सिमेंटची खर, विटांचा चुरा, प्लॅस्टिक आणि मुरूम यांचा काला कोणता शेतकरी नेईल? तो ज्या ओढ्यात पडतो तिथेच पडून राहतो.

शहरांनी हे पाहिले आहे, आणि फार महाग किंमत देऊन पाहिले आहे. नगरला सीनेचे पात्र भरावाने आणि अतिक्रमणांनी किती आक्रसले आहे ते नगरकरांना सांगायला नको. पुण्याचे सांगतो. ६ जून २०१३ ला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच, कात्रज बोगद्याच्या पलीकडे शिंदेवाडीपाशी सातारा रस्त्यावर एकाएकी लोंढा आला आणि एक आई आणि तिची लहान मुलगी मोटारीसकट वाहून गेल्या. ढगफुटी झाली नव्हती. रस्त्याकडेचा डोंगर फोडून सपाट केला होता, पाण्याची जुनी वाट बुजवली होती. पाण्याने माती घेतली आणि हमरस्ताच आपली वाट केला. सहा वर्षांनी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, त्याच कात्रजच्या डोंगरातून निघणारा आंबिल ओढा पुण्याच्या वस्तीत शिरला. त्या रात्री पुणे परिसरात वीसाहून अधिक माणसे गेली. पाऊस मोठा होता, हे खरेच. पण ओढा पूर्वीएवढा रुंद आणि खोल राहिला असता तर तोच पाऊस त्याने कसा वाहून नेला असता याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मुंबईची मिठी नदी तर सगळ्यांना ठाऊक झाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे जवळजवळ दोन वर्षांत पडावा एवढा. चौकशीसाठी माधवराव चितळे यांची समिती नेमली, आणि तेव्हापासून मिठीतला गाळ काढणे हा मुंबईचा वार्षिक उद्योग होऊन बसला. गाळ काढण्याच्या ठेक्यांत ६५ कोटी रुपयांचा घोटाळा झाला असा गुन्हा २०२५ साली मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने नोंदवला. खरे-खोटे न्यायालय ठरवील. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की माती प्लॉटवर असते तेव्हा तिच्यासाठी शंभर रुपये कोणाकडे नसतात. तीच नदीत जाऊन बसली की कोट्यवधी निघतात. वर अडवलेली माती मोजता येते, हाताने दाखवता येते. पाण्याखालची किती होती आणि किती काढली, कोण सांगणार?

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. कामगार संघटनेचा माणूस यात का पडला?

२९ जून २०१९ च्या मध्यरात्री पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत पलीकडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. पंधरा माणसे गेली. त्यांत लहान मुले होती. बहुतेक बिहारमधून आलेली. तिसऱ्याच दिवशी आंबेगाव बुद्रुकला दुसरी भिंत पडली, सहा मजूर गेले. त्याच रात्री मुंबईत मालाडला पिंपरीपाड्यात भिंत कोसळून तीसच्या आसपास माणसे दगावली. वर्तमानपत्रांनी 'भिंत पडली' असे लिहिले. भिंत अशी आपली आपण पडत नाही. मागची माती पाणी पिऊन जड होते, पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवलेली नसते, कधी पायथ्याची माती शेजारच्या खोदाईने उकरून नेलेली असते. जी माती ओढ्यात गेली असती ती माणसांच्या अंगावर गेली, इतकाच फरक. मातीला न बांधता मोकळे सोडले की ती कुठे जाईल हे ती ठरवते. आणि तिच्या सर्वांत जवळ मजुराची झोपडी असते, कारण प्लॉटची सर्वांत खोलगट, बिनकामाची जागा त्याला दिलेली असते.

दीड मीटरपेक्षा खोल चराच्या कडेला आधार द्यावा, काढलेली माती काठावर न रचता दूर ठेवावी, असे भारतीय मानकात छापलेले आहे. एका तालुक्याच्या गावी, नाव घेत नाही, गटाराच्या चरात आमचे दोन बिगारी छातीपर्यंत गाडले गेले, दोघेही वाचले. मी ठेकेदाराच्या माणसाला विचारले, कडेला फळ्या का नव्हत्या? तो म्हणाला, "अंदाजपत्रकात नव्हत्या." त्याने मला उडवून लावण्यासाठी ते म्हटले असेल, पण माझ्या डोक्यात ते वाक्य बसले. कारण तो खरे बोलत होता.

गाळ काढणाऱ्याचेही असेच. नाली तुंबली की कोणाला उतरवतात? कमरेएवढ्या घाणीत उभा राहून घमेल्याने गाळ देणारा माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या वस्तीतला, हे मी तुम्हांला सांगायचे कारण नाही. वरचा प्लॉट मोकळा सोडायचा आणि खाली माणूस उतरवायचा, हा आपला गाळ-निवारणाचा आराखडा.

उपाय अवघड नाहीत, म्हणून तर राग येतो. अख्खी जमीन एकदम उकरू नये. जेवढ्यावर या महिन्यात काम आहे तेवढीच उघडावी. वरची काळी माती वेगळी काढून ढिगाला ताडपत्री नाहीतर पाचट घालावे, काम संपल्यावर तीच अंगणात पसरावी. प्लॉटच्या खालच्या बाजूला उताराला आडवा चर आणि त्यावर मातीचा वरंबा. वरंब्याला गोणपाट किंवा जाळी खुंट्यांवर ताणून आड करावा. पाणी जिथून बाहेर पडते त्या कोपऱ्यात गाळखड्डा, म्हणजे पाण्याला तिथे थबकून गाळ टाकावा लागेल, आणि दर पावसानंतर तो उपसावा. गाड्या जिथून ये-जा करतात तिथे जाड खडी पसरावी, नाहीतर डंपरच्या चाकांनी निम्मा प्लॉट डांबरी रस्त्यावर येतो. उताराच्या कडेला घायपात, वाळा, मारवेल लावावे; शेताच्या बांधावर आपण लावतोच. ओढ्याच्या काठचे गवत-झुडूप मुळीच काढू नये. यातली कोणती गोष्ट रोहयोवर काम केलेल्या बाईला नवीन आहे? तिला सांगा, ती इंजिनियरला शिकवील.

कायदे नाहीत असेही नाही. २००६ सालच्या केंद्राच्या अधिसूचनेने २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरणाची मंजुरी घ्यावी लागते, आणि तिच्या अटींत माती जपण्याच्या अटी असतात. २०१६ साली बांधकामाच्या राड्यारोड्याचे नियम झाले. पण आपल्यासारख्या गावात २० हजार चौरस मीटरची इमारत कोण बांधतो? इथे पाच गुंठे, दहा गुंठे, दोन एकरांचे प्लॉटिंग, रस्त्याची साईडपट्टी, मंगल कार्यालय, गोदाम, कांद्याची वखार. एकेक लहान, म्हणून कोणताच कायदा वाकून बघत नाही. आणि सगळ्यांचा ओढा एकच.

मला विरोध कसा होईल ते मला ठाऊक आहे. ठेकेदार म्हणतील, खर्च वाढतो. वाढतो, नाही म्हणत नाही. पण बांधकामाच्या खर्चावर मजुरांच्या कल्याणासाठी एक टक्का उपकर १९९६ च्या कायद्याने आला तेव्हाही हेच म्हणाले होते, आणि बांधकामे काही बंद पडली नाहीत. काही मित्र म्हणतील, गावाला रोजगार येतोय, त्यात हे कुठे खुसपट काढता. घोडेगावचा जनावरांचा बाजार, कांद्याचा उपबाजार, हमरस्ता. गाव वाढतेय आणि वाढावे, आमच्या हमालांची पोटे त्यावरच आहेत. मी बांधकाम थांबवा म्हणत नाही. मी तर काम वाढवा म्हणतो. दर साईटवर पावसाळाभर दोन माणसांचे हे काम आहे. जेसीबीने हजारो हातांचे काम खाल्ले. चर राखणे, आड बांधणे, गाळखड्डा उपसणे हे हातांचेच काम राहणार आहे. ते फुकटात, 'जाता जाता करून टाक' म्हणून करून घ्यायला आमची संघटना तयार नाही. त्याला बाब पाहिजे, दर पाहिजे, मोजमाप पाहिजे.

म्हणून मी दोन गोष्टी घेऊन आलो आहे. १ मेला, महाराष्ट्र दिनी आणि कामगार दिनी, ग्रामसभा असते. तीत एक ठराव यावा, की ग्रामपंचायतीच्या आणि तिच्या हद्दीतल्या कोणत्याही सार्वजनिक कामाच्या अंदाजपत्रकात 'माती व गाळ अडवणे' अशी स्वतंत्र बाब असल्याशिवाय निविदा निघू नये. आणि खाजगी प्लॉट पाडणाराकडून ३१ मेच्या आत खालच्या बाजूचा चर, आड आणि गाळखड्डा झाल्याचा पंचनामा घ्यावा. कायद्याने सक्ती करता येईल तिथे सक्ती, नाही तिथे गावाच्या शब्दाची सक्ती; हिवरे बाजारने पुष्कळ गोष्टी ग्रामसभेच्या शब्दावरच करून घेतल्या आहेत. दुसरी गोष्ट, ज्या मजुरांनी रोहयोवर बांध घातले त्यांतली जाणती माणसे अजून आहेत. मृगापूर्वी एक रविवार त्यांनी नाक्यावरच्या पोरांना घेऊन ओढ्याकाठच्या एका उघड्या प्लॉटवर हे सगळे करून दाखवावे. मालकाने परवानगी दिली आहे. कुदळ-फावडी संघटनेची, गोणपाट बाजारातल्या आडत्यांनी देऊ केले आहे.

ठरावाचा मसुदा वकिलांच्या भाषेत नाही, माझ्याच भाषेत आहे. त्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना दुरुस्ती सुचवायची असेल त्यांनी पेन्सिलने त्याच कागदावर लिहावी. मी दिवे मालवेपर्यंत इथे आहे.